बारांपैकी नऊ घोड्या

रविवारी सकाळी आठ वाजेपर्यंत आमच्या तबेल्याच्या फाटकाबाहेर पाय ठेवायला जागा उरायची नाही. कोणी टेम्पोतून घोडी आणलेली, कोणी गाय चालवत आणलेली, आणि कुंपणाच्या कडेने, सावली धरून, बायकांची एक वेगळी रांग. त्या रांगेत कोणाकडेच जनावर नसायचं.

आत तबेल्यात हातवाले बाबा चालायला लागले की सगळं चिडीचूप. लांब बाह्यांचा पांढराशुभ्र सदरा, अनवाणी पाय, मान जराशी कललेली. एकेका घोडीपुढे ते थांबत, डोळे मिटत आणि तिच्या नाकासमोर तळहात धरत. घोडीने हात चाटला, की बाबा खर्जात म्हणत, "आहे." तिने मान झटकून तोंड फिरवलं, की, "नाही." दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंसमोर मी सोनोग्राफी करायचो आणि बाबा म्हणाले होते तेच निघायचं. दर वेळी. एकदाही चूक नाही.

"मुक्या जनावराला कळतं हो! ते काय नाटक करणार आहे?" गर्दीतला एक दूधवाला दर रविवारी हे वाक्य नव्याने सुचल्यासारखं म्हणायचा, आणि दर रविवारी पाच-सहा माना हलायच्या.

मग बाबांचं बोलणं सुरू व्हायचं. "आपण काही करत नाही बरं का. आपण फक्त हात. करणारा वेगळा. पण हातच नसेल तर करणारा करणार कशाने? यंत्राला दिसतं ते झालेलं. आपल्याला दिसतं ते होणारं. एकच सांगतो, शंका घेऊ नका. शंकेला वजन असतं. ती पोटावर बसली की गर्भ खाली येतो."

याचा अर्थ काय, हे कोणी विचारत नव्हतं. अर्थ विचारणं म्हणजे शंका, आणि शंका म्हणजे गर्भ खाली. पक्कं कुलूप होतं ते.

मी कुठे होतो? तिथेच. खांद्यापर्यंत रबरी मोजा चढवून, दहा पावलांवर, खांबाला टेकून. पंचवीस वर्षं घोड्यांवर उपचार करणारा डॉक्टर. मला बाबांच्या हाताबद्दल काय वाटत होतं, ते मला कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

हे सगळं कशावरून सुरू झालं, ते आधी सांगतो.

आमच्या मालकीणबाईंची एक घोडी होती. उड्यांच्या शर्यतीत तिने सात वर्षं कोणाला पुढे जाऊ दिलं नाही. मग मागचा पाय मोडला. पाय जुळला, पण पोटात अकरा महिने शिंगरू वागवायचं वजन त्याला पेलणार नव्हतं. अशा वेळी काय करतात, तर तिला फळवायचं, आठवड्याभराने गर्भपिशवी धुऊन त्यातून गर्भ बाहेर काढायचा आणि तो दुसऱ्या धडधाकट घोडीच्या पोटात ठेवायचा. गर्भ म्हणजे काय, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. भिंगाखाली शोधावा लागतो. शिंगरू शर्यतवालीचं, पोट दुसरीचं. तिच्यासारखीचे असे वर्षात बरेच गर्भ काढता येतात, कधी एका खेपेला दोनही. आम्ही डॉक्टर लोक त्या दुसरीला सरोगेट म्हणतो. आमच्याकडची मावशी म्हणायची 'पोटवाली'.

मावशी कोणाचीच मावशी नव्हती. तीस वर्षं त्या तबेल्यात घोड्यांचं सगळं करणारी, हाडापेराने मोठी, मोजकं बोलणारी बाई. कुठली घोडी माजावर आहे, कुठली नुसतीच चिडलेली आहे, हे तिला दारातून कळायचं. ती ते सगळं एका वहीत लिहून ठेवायची.

आदल्या वर्षी मी अकरा वेळा गर्भ ठेवला. राहिले दोन.

अकरांत दोन हा आकडा कुठल्याही डॉक्टरला मान खाली घालायला लावणारा आहे. आणि कारण मला ठाऊक होतं. पोटवालीचं बीज शर्यतवालीच्याच दिवशी सुटायला हवं, किंवा तिच्यानंतर दोन-तीन दिवसांत. फार आधी सुटलं तर पिशवीची वेळ निघून गेलेली असते, फार उशिरा सुटलं तर पिशवी अजून तयार नसते. तो दिवस नेमका कळायचा तर रोज सोनोग्राफी करायला हवी. मी दर तिसऱ्या दिवशी यायचो. मधले दिवस अंदाजाने भरायचो. त्यात घोड्याही आम्ही तबेल्यात उभ्या होत्या त्याच घेतल्या होत्या. दोन तर अठरा वर्षांच्या, एकीच्या पिशवीत पाणी धरलेलं.

मावशीने तेव्हाच सांगितलं होतं. "डॉक्टर, हिचा दिवस परवा होता. तुम्ही काल लिहिलाय."

"एका दिवसाने काय होतंय, मावशी?"

"ते तुम्हीच सांगा. शिकलेले तुम्ही आहात."

मी हसण्यावारी नेलं. आणि वर्षाच्या शेवटी मालकीणबाईंनी कारण विचारलं, तेव्हा म्हणालो, "निसर्गापुढे कोणाचं चालतं?"

बाबा आले ते या वाक्यानंतर. मालकीणबाईंच्या कोणा ओळखीच्याने आणले. पहिल्याच दिवशी त्यांनी तबेल्याला एक फेरी मारली, माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "डॉक्टर, दोष तुमचा नव्हता. या जागेवर सावट होतं."

मला काय वाटायला हवं होतं? राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, मला हायसं वाटलं. वर्षभर छातीवर ठेवलेला दगड कोणीतरी उचलून बाजूला ठेवावा, तसं. मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या नजरेतली अढी गेलेली मला स्पष्ट दिसली.

त्याच महिन्यात मावशीने मालकीणबाईंच्या मागे लागून आठ तरण्या घोड्या घ्यायला लावल्या, प्रत्येकीला आधी एखादं शिंगरू झालेलं; जुन्यांतल्या चार धडधाकट तेवढ्या ठेवल्या. पुन्हा तोंडावर आपटायची मला भीती होती, म्हणून मी रोज सकाळी यायला लागलो. मावशीची वही आणि माझं यंत्र शेजारी शेजारी ठेवून आम्ही दिवस जुळवायचो. दिवस जुळला नाही, तर त्या खेपेला ती घोडी घ्यायची नाही. गर्भ ठेवल्यावर बाबा घोडीच्या पाठीवर हात ठेवायचे.

त्या वर्षी पहिल्या बारांपैकी नऊ राहिल्या.

आणि गावोगाव बातमी गेली की बाबांनी हात ठेवला की पोट राहतं.

आता ते भाकीत. "आहे" आणि "नाही". ते बाबांना कसं कळायचं, याचं उत्तर सांगताना आजही माझी जीभ अडखळते. ते मी सांगायचो.

आम्ही बाराव्या-तेराव्या दिवशी एक कच्ची तपासणी करायचो, मी आणि मावशी दोघंच. पक्की तपासणी सोळाव्या दिवशी, मालकीणबाईंसमोर. मधल्या शनिवारी संध्याकाळी बाबा माझ्या खोलीत चहाला यायचे. "काय डॉक्टर, कसं काय म्हणतात लेकी?" मी म्हणायचो, "चारनंबर छान आहे. सहाचं काही दिसत नाही." गप्पाच त्या. दुसऱ्या दिवशी बाबा चारपुढे डोळे मिटून म्हणायचे, "आहे," आणि सहापुढे, "नाही." माझंच बोलणं मला परत ऐकू यायचं, आणि लोक हात जोडायचे.

मला कळत नव्हतं असं नाही. मी ते कळू देत नव्हतो.

मावशीने एकदा मला चाऱ्याच्या खोलीत गाठलं. "डॉक्टर, हे तुम्ही थांबवा."

"काय?"

"काय ते तुम्हाला माहीत आहे. नऊ राहिल्या त्या आपण दिवस बघितले म्हणून. लोकांना सांगा ना."

"अहो, जाऊ द्या. मालकीणबाई खूश आहेत, घोड्या राहतायत. त्यात कोणाचं काय बिघडतंय?"

मावशीने हातातली पेंढी खाली ठेवली. "सांगितलं तर मागच्या वर्षीचंही सांगावं लागेल. म्हणून ना?"

मी घड्याळ पाहिलं आणि उशीर होतोय म्हणालो. उशीर कशाचाच होत नव्हता.

यानंतर बायका यायला लागल्या. घोडीचं पोट राहतं तर बाईचं का नाही, हा हिशोब लोकांनीच केला. बाबांनी फक्त नाही म्हटलं नाही. झाडाखाली खुर्ची टाकून ते बसायचे. समोर बाई. तिच्या मनगटावर डावा तळहात ठेवायचे आणि म्हणायचे, "शंभर श्वास मोज." शंभर श्वासांत मनगट गरम झालं की, "बसणार." नाही झालं की, "शंका आहे. पुढच्या रविवारी ये." बहुतेकींचं मनगट गरम व्हायचं. काही तर भाजल्यासारखा हात ओढून घ्यायच्या आणि रडायला लागायच्या. आनंदाने.

त्या रांगेत एका रविवारी माझी धाकटी बहीण उभी होती.

ती बसडेपोत तिकिटांच्या खिडकीवर काम करायची, नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. दोन वर्षं दवाखाना चालू होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं की नळ्यांना पूर्वी जंतुसंसर्ग झालाय, दिवस राहिले तर आठवड्याभरात सोनोग्राफीला यायचं, चालढकल करायची नाही.

मी तिला रांगेतून बाजूला घेतलं. "तू इथे काय करतेस?"

"म्हणजे काय दादा? तुझ्याच तबेल्यात आहेत ना ते?"

"हो, पण..."

"पण काय? खोटे आहेत का? खोटे असते तर तू राहू दिलं असतंस का त्यांना?"

माझ्यामागे मालकीणबाई उभ्या होत्या. शेजारी तो दूधवाला. वीस-पंचवीस बायका आमच्याकडे बघत होत्या. एकच शब्द पुरला असता. मी म्हणालो, "दवाखान्याचंही चालू ठेव बरं का."

ती हसली. "ठेवते रे."

आणि रांगेत परत गेली. तिचं मनगट गरम झालं.

सात आठवड्यांनी तिचा फोन आला. बोलताना तिला धाप लागत होती. "दादा, राहिलं! घरीच तपासलं. दोन रेघा आल्या."

"दवाखान्यात गेलीस?"

"बाबा म्हणाले चाळीस दिवस यंत्र लावायचं नाही. यंत्राची नजर कोवळ्या जिवाला सोसत नाही म्हणाले."

मी दिवसाला दहा-दहा घोड्यांना ते यंत्र लावत होतो. माझ्या हातात त्या वेळीही ते होतं. मी म्हणालो, "अगं, असं काही नसतं. जाऊन ये तू." पण ते असं म्हणालो, जसं आपण कोणाला 'सावकाश जा' म्हणतो. ती बरं म्हणाली. मी पुन्हा विचारलं नाही.

बाराव्या दिवशी भरदुपारी मेहुण्यांचा फोन. ती तिकिटांच्या खिडकीतच कोसळली होती. उजव्या बाजूला पोटात दुखतंय असं चार दिवस म्हणत होती. बाबांना विचारलं, तर ते म्हणाले, "जागा करतंय बाळ."

बाळ जागा करत होतं, पण पिशवीत नाही, नळीत. नळी फुटली. मी पोचलो तोवर तिला आत नेलं होतं. दीड तासाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, टोपी काढली आणि म्हणाल्या, "वाचल्या. नळी काढावी लागली. पोटात दोन लिटर रक्त होतं." मग आवाज चढला. "यांना मी बजावलं होतं. वेळेवर सोनोग्राफी केली असती तर औषधावरही भागलं असतं. घरात कोणी शिकलेलं नाही का?"

मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुद्दाम नाही, सहज नजर गेली त्यांची. "हे तिचे भाऊ," ते म्हणाले. "डॉक्टर आहेत. घोड्यांचे."

डॉक्टरीणबाई टोपी हातात घेऊन आत निघून गेल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी तिथून थेट तबेल्यात गेलो. मावशी खरारा करत होती. मी तिला सगळं सांगितलं. एकदाही न थांबता, मागच्या वर्षीच्या अकरा घोड्यांपासून. तिने ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाली, "या."

औषधांच्या खोलीत तिने फळीवरून एक डबा काढला. घोड्यांच्या सुजलेल्या पायांना चोळायचं मलम. मिरचीच्या तिखटाचा अर्क असतो त्यात, लावल्यावर काही मिनिटांनी चामडी तापते. डब्यावर ठळक अक्षरांत छापलेलं: हातमोजे घालूनच वापरावे. "महिन्याला एक डबा लागायचा आपल्याला," मावशी म्हणाली. "आता तीन लागतात. घोड्यांचे पाय तर सुजलेले नाहीत."

"डावा हात," मी म्हणालो.

"डावा. आणि उजव्याला गूळ-मीठ. बाहीच्या आत पुडी असते, मी बघितलीय. हा माणूस बारा वर्षं सर्कशीत घोडे नाचवायचा, तळहात घट्टे पडून निबर झालेत, त्याला नाही भाजत. त्याची लगाम धरायची पद्धत बघूनच मला संशय आला, मग चौकशी केली."

इतकं साधं होतं ते. 'आहे' म्हणायचं असेल तर उजवा हात पुढे करायचा. घोडी मीठ कधी सोडत नाही. 'नाही' म्हणायचं असेल तर डावा. जीभ लागली की तिखट, मान झटकलीच. आणि बायकांना फक्त डावा. शंभर श्वास म्हणजे मलम तापायला लागतो तेवढा वेळ.

"मला का नाही सांगितलंत हे?"

"सांगणारच होते. चाऱ्याच्या खोलीत. तुम्हाला उशीर होत होता."

त्या शनिवारी मी बाबांना नेहमीसारखा चहा दिला. कच्ची तपासणी आम्ही केलेली होती. सातनंबर रिकामी, दहानंबर गाभण. मी कप पुढे करत म्हणालो, "सात झकास आहे. दहाचं मात्र काही खरं नाही."

"असं का?" म्हणत बाबांनी बशीत चहा ओतला.

रविवारी गर्दी नेहमीपेक्षा जास्त. मालकीणबाईंना मी आधीच विचारून ठेवलं होतं की आज पक्की तपासणी सगळ्यांसमोर करू, लोकांनाही बघू द्या. त्यांनी पाहुण्यांसाठी तबेल्याच्या भिंतीवर मोठा पडदा बसवून घेतला होता, तो लावला. बाबा सातपुढे थांबले. उजवा हात. घोडीने चाटूनपुसून साफ केला. "आहे." दहापुढे थांबले. डावा हात. मान झटकली. "नाही."

"मुक्या जनावराला कळतं हो!" दूधवाला म्हणाला.

मी मोजा चढवला. सातनंबरची पिशवी पडद्यावर आली. राखाडी, एकसारखी, रिकामी. दोनदा फिरवून दाखवली. मग दहा. राखाडीच्या मधोमध काळा, वाटोळा, शर्टाच्या बटणाएवढा ठिपका.

"हे काय आहे, डॉक्टर?" मालकीणबाईंनी विचारलं.

"शिंगरू आहे, बाई. सोळा दिवसांचं."

कुजबुज सुरू झाली. बाबांनी डोळे मिटले. "कोणीतरी शंका घेतली आहे. मला जाणवतंय. शंकेने पोटातलं इकडचं तिकडे..."

"सातचं दहात गेलं?" रांगेतली एक म्हातारी म्हणाली. "मधल्या दोघींना ओलांडून?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. मी बाबांच्या जवळ गेलो. "बाबा, आजवर एकदाही चुकला नाहीत. आजच कसे चुकलात?"

"चुकलो काय चुकलो!" बाबांचा खर्ज गेला आणि आवाज एकदम चिरका झाला. "काल तुम्हीच म्हणालात ना सात आहे म्हणून!"

तबेल्यात घोड्यांच्या शेपट्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

"म्हणजे," म्हातारी सावकाश म्हणाली, "तुम्हाला डॉक्टर सांगतात होय?"

बाबा हात बाह्यांत ओढून घेत मागे सरकले. मावशी पुढे आली. तिने मिठाने माखलेला हात सहानंबरपुढे धरला, जिला बाबांनी महिन्यापूर्वी 'नाही' म्हटलं होतं. घोडीने मनगटापर्यंत चाटला. मग तिने तो डबा उघडून बायकांच्या रांगेत फिरवला. "ज्यांचं मनगट तापलं होतं त्यांनी बोटाच्या टोकावर घेऊन बघा. जरासंच घ्या, आणि डोळ्याला लावू नका."

एक बाई मनगटाला मलम लावून उभी राहिली. श्वास मोजत. बाकीच्या तिच्याकडे बघत होत्या. सत्तरच्या आसपास तिने हात मागे घेतला, दुसऱ्या हाताने तो घट्ट धरला आणि खाली बसली. ती रडली नाही. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

दूधवाला चिडला. "असेल लबाडी! पण नऊ घोड्या राहिल्या त्याचं काय? ते तर खोटं नाही ना?"

त्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठीच मी तिथे उभा होतो.

"ते खरं आहे," मी म्हणालो. "नऊ राहिल्या, कारण या वर्षी मावशीने तरण्या घोड्या निवडल्या आणि आम्ही रोज तपासून दिवस जुळवले. मागच्या वर्षी दोनच राहिल्या, कारण मी रोज येत नव्हतो. अंदाजाने तारखा लिहायचो. जागेवर सावट नव्हतं. माझा आळस होता. बाबांनी मला त्यातून सोडवलं, म्हणून मी त्यांना बोललो नाही. दर शनिवारी त्यांना निकाल मीच सांगत होतो. याच रांगेत माझी बहीण उभी राहिली, तेव्हाही मी गप्प बसलो. ती आज दवाखान्यात आहे. मरता मरता वाचली."

मला वाटलं होतं लोक बाबांच्या अंगावर धावून जातील. पण ते माझ्याकडेच बघत होते, आणि ते बरोबर होतं. बाबा मागच्या दाराने निघाले होते. मी सगळं सांगितल्यावर मेहुण्यांनी तक्रार करून दोन हवालदार तिथे उभे केले होते, त्यांनी त्यांना गाडीत बसवलं.

मालकीणबाईंनी गर्दी पांगल्यावर मला विचारलं, "मागच्या वर्षीच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही ठेवलं नसतं मला."

"नसतंच ठेवलं. तुमच्यावर भरवसा ठेवून विचारलं होतं मी. यापुढे कुठली घोडी घ्यायची, कधी घ्यायची, ते मावशी ठरवतील. तुम्ही त्यांचं ऐकायचं."

मी हो म्हणालो. मावशीने मला कधी त्यावरून बोल लावला नाही. त्याचा त्रास जास्त होतो.

धाकटी घरी आली तेव्हा मी भेटायला गेलो. ती खिडकीपाशी उशीला टेकून वाळलेले कपडे घडी करत होती. मी माफी मागितली. ती टॉवेलाची घडी करून झाल्यावर बोलली.

"तो लबाड होता रे दादा. लबाडाचं मला काही वाटत नाही. मी त्याच्याकडे बघून गेले नव्हते. मी तुझ्याकडे बघून गेले होते."

ती माझ्याशी बोलते, घरी बोलावते, चहा देते. पण दवाखान्याचं काही असलं की आता ती मला विचारत नाही.

पुढे महिनाभर रविवारी लोक फाटकाशी येतच राहिले. त्यांना खबर पोचली नव्हती, किंवा पोचूनही पटली नव्हती. मी बाहेर जाऊन त्यांच्याशी बोलायचो. अजूनही कोणी बोलावलं तर शाळेत, दवाखान्याच्या ओसरीवर, जिथे असेल तिथे जाऊन बोलतो. यंदा चौदापैकी दहा घोड्या राहिल्या, कोणाचा हात न लागता. चार राहिल्या नाहीत. दोघींचं कारण सापडलं. उरलेल्या दोघींचं का राहिलं नाही, हे मला माहीत नाही, आणि मी तसंच सांगतो. परवा एका बाईने विचारलं, "मग तुमच्यावर तरी विश्वास कशाला ठेवायचा?"

मी म्हणालो, नकाच ठेवू. विचारा. किती जणींना हात लावला आणि किती जणींचं राहिलं? ज्यांचं राहिलं नाही त्या कुठे आहेत? हात लावला नसता तर किती जणींचं राहिलं असतं? जो हे विचारू देत नाही, प्रश्नालाच पाप म्हणतो, त्याच्यापुढून उठून या. पोटात दुखलं तर दवाखान्यात जा, त्याच दिवशी जा. आणि तिथल्या डॉक्टरलाही हेच प्रश्न विचारा.

आणखी एक सांगतो, ते त्या बाईसाठी नाही, माझ्यासारख्यांसाठी आहे. जिथे लबाडी चालू असते तिथे ती ओळखणारा कोणीतरी बहुतेक वेळा हजर असतो, खांबाला टेकून. त्याला वाटतं, आपल्याला कोणी विचारलं की सांगू. मला माझ्या बहिणीने विचारलं होतं. भर गर्दीत, तोंडावर विचारलं होतं, खोटे आहेत का म्हणून. मला फक्त हो म्हणायचं होतं.